भाताच्या मुलखात बेंटो

डोरेमॉन आणि शिनचॅन ही जपानी बालपात्रे हिंदी बोलू लागून घराघरांत शिरली, त्याला आता बराच काळ लोटला. आणि त्या चित्रमालिकांतील मुले मधल्या सुट्टीत जो लहानसा डबा उघडतात, ज्यात भाताचा ससा असतो, गाजराची फुले असतात आणि प्रत्येक जिन्नस आपापल्या जागी रेखीव बसलेला असतो, तो डबा, म्हणजेच बेंटो, भंडारा, तुमसर, साकोली, पवनी येथील मुलांनीही पाहिलेला आहे. 'मला असा डबा दे' हा हट्ट त्यातूनच जन्मतो. तो पुरवू पाहणारे आईबाप बाजारात चौकशी करतात, तेव्हा साचे, चिमुकल्या काड्या, रंगीत वाट्या, समुद्रशैवालाची काळी पाने अशा वस्तूंची एवढी मोठी यादी त्यांच्यापुढे येते की, हा खटाटोप आपल्या मुलखाचा नाही असे म्हणून बहुतेक जण पहिल्याच पायरीवर थांबतात. म्हणून बेंटो कसा घडला, त्याच्याविषयी कोणते आक्षेप घेतले गेले आणि वैनगंगेकाठच्या या धानाच्या जिल्ह्यात त्याचा आरंभ कोणत्या सामग्रीने करता येईल, या साऱ्या प्रश्नांचा एकत्र विचार करणे मला अगत्याचे वाटते. माझे मत आरंभीच नोंदवतो: ज्या घरात रोज भात शिजतो त्या घराला बेंटोसाठी बाहेरून फारच थोडे आणावे लागते, जी एक विद्या नव्याने शिकावी लागते ती आकार कापण्याची नसून, थंड झाल्यावरच खायचे आहे हे मनात धरून अन्न रांधण्याची आहे.

बेंटोचा उगम प्रवासाच्या आणि श्रमाच्या गरजेत आहे. गोंडसपणा त्यात फार उशिरा आला. प्राचीन जपानात शिजवलेला भात उन्हात वाळवून प्रवासी आणि सैनिक बरोबर नेत, व वेळ पडेल तेव्हा तो पाण्यात भिजवून किंवा तसाच चावून खात. पुढे एडो कालखंडात, म्हणजे १६०३ ते १८६८ या दीर्घ शांततेच्या काळात, या शिदोरीला नागर रूप आले. काबुकी नाटकांचे प्रयोग दिवसभर चालत, आणि दोन अंकांच्या दरम्यान पडदा पडलेला असताना प्रेक्षकांनी खायचे म्हणून भाताचे लहान दाबीव मुटके, त्यांवर काळे तीळ, शेजारी मासळी, अंडे आणि शिजवलेल्या भाज्या अशी जी मांडणी रूढ झाली, ती 'माकुनोउची' या नावाने आजही जपानी डब्याचा आदर्श नमुना मानली जाते. नाटक आणि डबा यांचे हे साहचर्य झाडीपट्टीच्या वाचकाला समजावून सांगण्याची गरज नाही. धान घरात आल्यावर हिवाळाभर आपल्याकडे रात्र-रात्र नाटके रंगतात, आणि दूरच्या गावाहून मुलाबाळांसह आलेल्या कुटुंबाला रात्रीच्या अन्नाची काही ना काही तजवीज करावीच लागते.

जपानी शिदोरीला दुसरे वळण रेल्वेने दिले. १८८५ साली उत्सुनोमिया स्थानकावर बांबूच्या सोपटात गुंडाळलेले भाताचे गोळे, आत खारवलेले आंबट उमे फळ घालून विकले गेले, आणि तेथून स्थानकावरच्या बेंटोची परंपरा निघाली, असे सामान्यतः मानले जाते. आज त्या देशातील अनेक स्थानकांचा स्वतःचा असा डबा असतो. त्या प्रांताची मासळी, त्या प्रांताचा तांदूळ, त्या प्रांताचे लोणचे त्यात असते, आणि केवळ तो डबा मिळावा म्हणून प्रवासी विशिष्ट गाडी धरतात. योगायोग असा की त्याच दशकाच्या आरंभी नागपूर-छत्तीसगड लोहमार्ग आपल्या जिल्ह्यातून धावू लागला होता. भंडारा रोड आणि तुमसर रोड ही स्थानके एवढी जुनी आहेत, पण त्यांच्या फलाटांवरून जाणाऱ्या उतारूला या मुलखाची चव सांगणारा डबा कधी मिळाला नाही, ही गोष्ट मला मनापासून खटकते. चिन्नोर तांदळाचा गोळाभात पळसाच्या पानात बांधून तेथे विकला जावा, असे फार वाटते.

या इतिहासातली आणखी एक कथा मला विशेष प्रिय आहे. सतराव्या शतकातील शोकादो शोजो हे भिक्षू आणि चित्रकार, शेतकरी बियाणे ठेवण्यासाठी वापरीत असलेल्या चार खणांच्या साध्या पेटीवर लुब्ध झाले आणि तशी पेटी आपले रंग व तंबाखू ठेवण्यासाठी त्यांनी करून घेतली; तीन शतकांनंतर, १९३० च्या दशकात, 'किच्चो' या ख्यातनाम भोजनगृहाचे संस्थापक युकी तेइइची यांनी त्या पेटीवरून चार खणांचा भोजनाचा डबा कल्पिला, ज्यात एका पदार्थाचा वास व रस दुसऱ्याला लागत नाही. जपानातील अत्यंत परिष्कृत समजल्या जाणाऱ्या बेंटोचे मूळ अशा रीतीने धान पेरणाऱ्या माणसाच्या बियाण्याच्या पेटीत आहे, हे धानाच्या जिल्ह्यातील वाचकाने लक्षात ठेवण्याजोगे आहे.

विसाव्या शतकाच्या आरंभी ॲल्युमिनियमचे चकचकीत डबे आले, आणि त्यांच्याबरोबर एक सामाजिक प्रश्नही आला. शाळेत सर्वांसमोर उघडलेला डबा घरची सांपत्तिक स्थिती सांगून टाकतो. कुणाच्या डब्यात अंडे व मासळी असते, तर कुणाचा डबा नुसत्या भाताचा असतो आणि काहींना तोही नसतो. युद्धकाळात पांढऱ्या भाताच्या मध्यभागी एकच तांबडे उमे ठेवलेला डबा राष्ट्रध्वजाचे प्रतीक म्हणून गौरवला गेला खरा, परंतु त्या गौरवामागे टंचाई होती. युद्धोत्तर जपानाने १९५४ साली शालेय भोजनाचा कायदा केला, आणि प्राथमिक शाळांतून सर्व मुलांना एकच अन्न मिळण्याची व्यवस्था देशभर विस्तारत गेली. बेंटो मुख्यतः बालवाड्या, वरच्या वर्गांतील विद्यार्थी, नोकरदार आणि सहली यांच्यापुरता राहिला. आपल्याकडेही हाच विचार वेगळ्या मार्गाने आला. १५ ऑगस्ट १९९५ रोजी केंद्राची पोषण आहार योजना सुरू झाली. आरंभी कोरडे धान्य वाटले जाई, नंतर सर्वोच्च न्यायालयाच्या २८ नोव्हेंबर २००१ च्या आदेशामुळे शिजवलेले अन्न देणे राज्यांवर बंधनकारक झाले. पहिली ते पाचवीच्या मुलासाठी रोज १०० ग्रॅम धान्य, ४५० उष्मांक आणि १२ ग्रॅम प्रथिने, तर सहावी ते आठवीसाठी १५० ग्रॅम धान्य, ७०० उष्मांक आणि २० ग्रॅम प्रथिने, असा तिचा दंडक आहे. जिल्हा परिषदेच्या शाळेत एका पंगतीला बसून गरम खिचडी किंवा वरणभात खाणाऱ्या मुलाला बेंटोची उणीव भासावी असे काही नाही, आणि त्या पंगतीच्या जागी सजवलेले डबे यावेत असे मी कधीही म्हणणार नाही. प्रश्न उरतो तो जेथे डबा न्यावाच लागतो तेथला: खाजगी शाळा, शिकवणीवर्ग, जवाहरनगरचा आयुध निर्माणी कारखाना, वरठीचा पोलाद कारखाना, चिखला व डोंगरी बुजुर्गच्या मँगनीज खाणी, तहसील कचेऱ्या, आणि रोवणीची बांधी.

ज्याला आज 'गोंडस बेंटो' म्हणून ओळखले जाते, म्हणजे चित्रपात्रांचे चेहरे भातावर उमटवलेला डबा, तो प्रकार गेल्या काही दशकांतला आहे, आणि त्याची सर्वांत गंभीर चिकित्सा ॲन ॲलिसन या अमेरिकन मानववंशशास्त्रज्ञ विदुषीने १९९१ साली प्रसिद्ध केलेल्या निबंधात केली. स्वतःचा मुलगा जपानी बालवाडीत जात असल्याने तिने हे डबे केलेही होते. तिचे प्रतिपादन असे की, एका डब्यावर आई रोज सकाळी वीस ते पंचेचाळीस मिनिटे खर्च करते, तो डबा मुलाने वेळेत आणि पूर्ण संपवावा यावर शिक्षिकेचे लक्ष असते, आणि या द्वारे शाळेची शिस्त मुलाइतकीच आईवरही लादली जाते. हा आक्षेप मला पुष्कळ अंशी मान्य आहे. जी स्त्री आषाढात पहाटे उठून घरचे सर्व उरकते आणि दिवसभर चिखलात वाकून रोवणी करते, तिला भाताचे ससे करण्याचे कर्तव्य शिकवायला जाणे हा अन्यायच होय. म्हणून दोन अटी मी या छंदाला घालतो. एक, सजावटीचा डबा आठवड्यातून एखाद्या दिवशी असावा, आणि इतर दिवशी नीट भरलेला साधा डबा पुरे मानावा. दुसरी, तो घरातल्या कुणीही करावा, बापाने करावा, आजोबांनी करावा, आणि आठ-दहा वर्षांच्या मुलाने तर स्वतःचा स्वतः भरावा. बेंटो हा छंद राहिला तरच त्यात आनंद आहे; त्याची परीक्षा झाली की तो दुसऱ्या एका ओझ्याची भर घालतो.

आता मुख्य अडचणीकडे वळतो. आपल्या डब्याची कल्पना गरम अन्नाची आहे. १८९० च्या सुमारास महादू हावजी बच्चे यांनी मुंबईत डबे पोचवण्याचा जो धंदा उभारला, त्याचे सारे प्रयोजनच घरचे ताजे अन्न दुपारपर्यंत कचेरीत नेऊन देणे हे होते. त्या डब्याला वरणाचा, भाजीचा, भाताचा असे वेगवेगळे पुडे असतात आणि तो उभा नेला जातो. बेंटो एकाच थरात भरतात, त्यात रस्सा नसतो, तो दप्तरात आडवा-तिरपा कसाही पडतो, आणि तो थंडच खातात. थंड भात म्हणजे शिळा भात, आणि शिळे खाणे म्हणजे दारिद्र्य, ही आपली दृढ भावना आहे. बेंटोच्या आरंभी हीच खरी भिंत आड येते. पण आपल्याच मुलखाची जुनी रीत पाहिली तर ही भिंत वाटते तितकी उंच नाही. शेतावर नेण्याच्या शिदोरीत चटणी, झुणका, पाटोडी, भाकर हे थंडच असते आणि थंडच रुचते. रात्रीच्या भातात पाणी घालून केलेली बासी उन्हाळ्यात आवडीने खाल्ली जाते. थंडपणी चव उतरते ती रस्स्याची, तुपाची आणि फुलक्याची. मीठ, आंबट, भाजलेले तीळ, लसूण, बेसन यांची चव थंडपणी टिकते, किंबहुना मुरून अधिक खुलते. तेव्हा बेंटोसाठी रांधताना मीठ आणि आंबट किंचित चढे ठेवावे, तूप टाळून तेल वापरावे, आणि पातळ ते सर्व आटवून कोरडे करावे, एवढ्या तीन गोष्टींचा बंदोबस्त झाला की अर्धे काम झाले.

उरलेले अर्धे काम भाताचे आहे, आणि येथे आपला जिल्हा अत्यंत भाग्यवान आहे. जपानी तांदूळ आखूड दाण्याचा आणि चिकट असतो; त्यात अमायलोज हे पिष्टद्रव्य कमी असल्याने शिजलेले दाणे एकमेकांना धरून राहतात आणि थंड झाल्यावरही फारसे कडक होत नाहीत. आपल्या बहुतेक जातींत ते द्रव्य अधिक, म्हणून भात सुटा होतो आणि थंड झाला की ताठरतो. यावरून पुष्कळ जण महागडा जपानी तांदूळ मागवण्याच्या भानगडीत पडतात. माझे सांगणे असे की, त्याआधी घरातल्या कोठीत पाहावे. भौगोलिक मानांकन लाभलेला भंडाऱ्याचा चिन्नोर मऊ शिजतो, त्याला स्वतःचा सुगंध असतो, आणि तो नवा असेल तर हाताला हवा तितका चिकटतो. पाहुण्यासाठी आपण वर्षाचा जुना तांदूळ राखून ठेवतो, कारण जुन्याचा भात मोकळा होतो, आणि नवा तांदूळ 'गिचका होतो' म्हणून घरच्यांच्या पानात जातो. बेंटोला नेमका हा गिचका होणारा नवा तांदूळ हवा असतो. चिन्नोर परवडत नसेल तर एच.एम.टी. चालेल. चंद्रपूर जिल्ह्यातील नागभीड तालुक्याच्या नांदेड गावी दादाजी खोब्रागडे या अल्पभूधारक शेतकऱ्याने १९८३ साली आपल्या शेतातल्या वेगळ्या दिसणाऱ्या मोजक्या लोंब्या निवडून ही जात सिद्ध केली, तिला त्या काळच्या लोकप्रिय घड्याळाचे नाव पडले आणि ती देशभर पसरली. तिचा बारीक दाणा स्वभावतः सुटा असल्याने पाणी थोडे जास्त घालावे लागते, एवढाच फरक.

भात करण्याची रीत सांगतो. तांदूळ तीन-चार पाण्यांनी धुऊन अर्धा तास भिजत ठेवावा. नव्या तांदळाला दीडपट, जुन्याला दुपटीहून थोडे अधिक पाणी घालावे. शिजल्यावर झाकण न काढता दहा मिनिटे मुरू द्यावे, आणि मग लाकडी कालथ्याने हलक्या हाताने वरखाली करून परातीत पसरावा. हाताला सोसेल इतका कोमट असतानाच त्याला आकार द्यायचा असतो. फार गरम असेल तर हात भाजतो, गार झाला की दाणे एकमेकांना धरत नाहीत. ओल्या तळव्याला चिमूटभर मीठ चोळून, दोन्ही हातांच्या खोबणीत भात घेऊन, तो तीन-चार वेळा फिरवत दाबावा. त्रिकोणी मुटका करणे पहिल्यांदा जमत नाही, गोल सर्वांना जमतो. लहान वाटी पाण्याने ओली करून तिच्यात भात दाबून पालथी घातली तरी सुबक घुमट निघतो, आणि त्याला दोन कान लावले की ससा तयार होतो. मुटक्याच्या पोटात जपानी माणूस उमे घालतो. आपण कैरीच्या लोणच्याची फोड, जवसाची चटणी किंवा तलावातल्या झिंग्यांची परतलेली सुकी चटणी घालावी. तीळ कुटून बाहेरून लावले की हाताला भात चिकटत नाही. आणि ज्याला मुटक्यांचा खटाटोप नको, त्याने आपला गोळाभात करावा: बेसनाचे तिखट गोळे भातावर वाफवून, फोडणीचे तेल जरा हात राखून घालून, गोळे मोडू न देता डब्यात मांडावेत. यात धान्य, डाळ आणि सजावट तिन्ही एकाच भांड्यात शिजतात. बेंटोसाठी याहून सोयीचा पदार्थ जपान्यांकडेही मला आढळलेला नाही.

डबा भरण्याचा जपानी दंडक साधा आहे: भात तीन भाग, भाज्या दोन भाग, आणि अंडे, मासळी, मांस किंवा डाळ असा पोषक पदार्थ एक भाग. मोजमाप वजनाचे नसून जागेचे, म्हणजे डब्याच्या किती भागावर काय बसले आहे ते डोळ्यांनी पाहायचे. आपला डबा बहुधा पोळी किंवा भाताने भरून जातो आणि भाजीला कोपरा उरतो, म्हणून हे प्रमाण प्रथम विचित्र वाटेल. पण मुलाच्या आहारातला भाजीचा प्रश्न यानेच सुटतो. याच्या जोडीला पाच रंगांचा संकेत आहे: पांढरा, काळा, तांबडा, पिवळा, हिरवा. पाचही रंग आले म्हणजे जिन्नस आपोआप विविध होतात, हे त्यातले मर्म. भंडाऱ्याच्या बाजारात हे रंग बारा महिने मिळतात. पांढरा भात आहेच. काळ्यासाठी तीळ, जवस आणि काळे चणे. सशाचे डोळे काळ्या तिळाचे करावेत, समुद्रशैवालाची पाने शोधत नागपूरला जाण्याचे कारण नाही. तांबड्यासाठी गाजर, बीट आणि भेदरे म्हणजे टोमॅटो. पिवळ्यासाठी अंडे, भोपळा, आणि सर्वांत उत्तम म्हणजे पाटोडी: बेसन घोटून थापलेल्या वड्या आपण शंकरपाळ्यासारख्या कापतो, त्याच चांदणीच्या आकारात कापल्या की मुलाला नवा पदार्थ मिळाल्यासारखा वाटतो, आणि त्या थंडच चांगल्या लागतात. हिरव्यासाठी वालाच्या म्हणजे आपल्या पोपटाच्या शेंगांचे दाणे, मेथी, सांबार म्हणजे कोथिंबीर. धोप्याच्या म्हणजे अळूच्या पानांची वडी वाफवून तिचे काप केले की आत जी चक्राकार नक्षी निघते, ती कुठल्याही साच्याला साधणार नाही. जपानी गुंडाळीच्या अंड्यासाठी चौकोनी तवा लागतो असे सांगतात. साध्या तव्यावरचे पातळ धिरडे किंवा आम्लेट गरम असतानाच घट्ट गुंडाळून, फडक्यात पाच मिनिटे बांधून ठेवून कापले तरी तेच काम होते. मांसाहारी घरात तळलेल्या मरळीचा काटे काढलेला तुकडा द्यावा. लहान मुलाच्या डब्यात काट्याची मासळी कधीही देऊ नये.

डब्याविषयी थोडे. भंडारा ही पितळनगरी, आणि येथील कारागिरांच्या हातची भांडी विदर्भाबाहेरही गेली. तेव्हा पितळेचा डबा वापरावा असे मनात येणे स्वाभाविक आहे. परंतु बेंटोत आंबट आणि मीठ असते, ते कल्हई नसलेल्या पितळेत कळकते आणि अपायकारक ठरते. ताजी कल्हई करून घेण्याची सोय असेल तरच पितळ वापरावे, एरवी स्टीलचा चपटा, घट्ट झाकणाचा डबा सर्वांत बरा. जपानातील अकिता प्रांतातल्या ओदाते गावी सुगी या देवदारसदृश झाडाच्या लाकडाच्या पातळ पट्ट्या वाकवून जे डबे करतात, ते भाताचा ओलावा शोषून घेतात म्हणून नावाजलेले आहेत. आपल्याकडचे बुरूड बांधव बांबूची जी सफाईदार वीण करतात ती पाहता, झाकणाची लहान करंडी त्यांच्याकडून करवून घेऊन आत पान अंथरून कोरड्या पदार्थांसाठी वापरावी, हे मला सहज शक्य वाटते. दोन पदार्थांमध्ये हिरवी प्लास्टिकची पात लावण्याची जपानी पद्धत आहे. पूर्वी तेथे खरे पान असे, प्लास्टिक नंतर आले. आपण धुऊन कोरडे केलेले पळसाचे पान कात्रीने कापून लावावे.

डब्याचा आकार हा नवशिक्यांच्या ध्यानात न येणारा विषय आहे. जपानात असा अंदाज रूढ आहे की, वरच्या प्रमाणात घट्ट भरलेला डबा जितक्या मिलिलिटरचा, साधारण तितकेच उष्मांक त्यातून मिळतात. म्हणून बालवाडीतल्या मुलाला साडेतीनशे, प्राथमिक शाळेतल्या मुलाला साडेचारशे ते पाचशे, आणि प्रौढाला सहाशेपासून वर, असा डबा पुरतो. डब्यात पाणी भरून मापाच्या पेल्याने मोजले की खातरजमा होते. मोठा डबा घेतला तर तो अर्धा रिकामा राहतो, आणि दप्तरातून शाळेपर्यंत जाताना ससा, फुले, वड्या यांचा एक काला होतो. घट्ट भरणे हेच बेंटोच्या सुबकपणाचे रहस्य आहे: प्रथम भात, मग मोठे तुकडे, मग लहान, आणि शेवटी उरलेल्या फटींत दाणे, शेंगा, गाजराच्या चकत्या बसवाव्यात, झाकण लावून डबा हलवला तर आतून आवाज येता कामा नये.

उन्हाळ्याचा विचार केल्यावाचून या जिल्ह्यात डब्याविषयी लिहिणे बेजबाबदारपणाचे होईल. मे महिन्यात येथे पारा ४५ अंशांपर्यंत चढतो. शिजवलेल्या भातात बॅसिलस सेरियस या जंतूचे बीजाणू शिजूनही जिवंत राहतात, आणि भात पाच ते साठ अंशांच्या दरम्यान बराच वेळ राहिला की ते वाढून विष निर्माण करतात, जे पुन्हा गरम केल्याने जात नाही. म्हणून भात परातीत पसरून पंख्याखाली लवकर निववावा, आणि पूर्ण निवल्यावरच झाकण लावावे. गरम भातावर झाकण घातले तर वाफेचे पाणी होऊन तेच डबा नासवते. अंडे पूर्ण शिजलेले असावे. चिरलेली काकडी, चिरलेले भेदरे, ओल्या खोबऱ्याची चटणी ही उन्हाळ्यात वर्ज्य समजावीत. चिरलेल्या सांबाराची पखरणही टाळावी. रात्रीचा उरलेला पदार्थ घालायचा असेल तर सकाळी तो वाफ येईपर्यंत गरम करून पुन्हा निववावा. आकार देताना हात स्वच्छ धुतलेले असावेत, आणि ओल्या फडक्यात गुंडाळलेली गोठवलेल्या पाण्याची लहान बाटली डब्याला लावून द्यावी. उन्हाळ्यात शाळा सकाळची होते ही त्यातल्या त्यात सोय. तरीही एप्रिल उजाडल्यावर भाताचा बेंटो बंद ठेवून पोळीची गुंडाळी आणि कोरड्या वड्या द्याव्यात, असेच मी सुचवीन.

पवनीच्या प्राचीन स्तूपांचे उत्खनन १९६९-७० मध्ये झाले, आणि त्याच परिसरात रुयाड येथे जपानी बौद्धांच्या साहाय्याने महास्तूप उभा राहिला. त्या निमित्ताने जपानी यात्रेकरू आपल्या जिल्ह्यात येत असतात. दोन भातखाऊ मुलखांची ही ओळख पूजास्थानापर्यंत आली आहे, ती स्वयंपाकघरापर्यंत यायला हरकत नसावी.

राहिला प्रश्न आरंभ केव्हा आणि कशाने करावा एवढाच. आरंभीच्या खरेदीत एक योग्य मापाचा चपटा स्टीलचा डबा आणि भाज्या कापण्याचा फुलाचा एक लहान साचा, याहून अधिक काही घेऊ नये. बाकीच्या वस्तूंची गरज पडेल की नाही हे महिन्याभराने कळते. पहिल्या आठवड्यात फक्त तीन-दोन-एकचे प्रमाण आणि घट्ट भरणे साधावे, चेहरे काढूच नयेत. दुसऱ्या आठवड्यात मुटका, तिसऱ्यात गुंडाळी, आणि मग मुलाच्या वाढदिवसाला किंवा सहलीला ससा. पाटोडी, काळ्या चण्यांची उसळ, उकडलेले अंडे हे रात्रीच करून झाकून थंडाव्यात ठेवले की सकाळी मांडणीला दहा-पंधरा मिनिटे लागतात. हंगाम म्हणाल तर मार्गशीर्षाइतका सोयीचा दुसरा नाही: नवा धान कांडून आलेला असतो, हवा थंड असते, पोपटाच्या शेंगा, गाजरे, मेथी आणि सांबार स्वस्त झालेले असतात, आणि माजी मालगुजारी तलावांतून धीवर बांधवांनी काढलेले शिंगाडे बाजारात येतात, जे उकडून सोलले की काहीही न करता डब्यात शोभतात. तेथून फाल्गुन संपेपर्यंत हात बसायला चार महिने मिळतात.